गोलंदाज : मुंबई तोफखान्यातील एका कंपनीचा नामेतिहास

१

भारतीय सेनेची तोफखाना रेजिमेंट २८ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी ‘गनर्स डे’ म्हणून पाळते. इ. स. १८२७ मध्ये याच दिवशी मुंबई इलाख्याच्या तोफखान्यातील गोलंदाज बटालियनची आठवी कंपनी उभी राहिली. तीच कंपनी पुढे ‘पाचवी (मुंबई) पहाडी बॅटरी’ या नावाने प्रसिद्धीस आली. आज हजारो तोफा बाळगणारे हे दल आपला आरंभ एका लहानशा कंपनीपासून मोजते, आणि तोही परकी सत्तेच्या चाकरीत उभ्या राहिलेल्या कंपनीपासून, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. भारतभूमीवर तोफा त्यापूर्वी तीनशे वर्षांहून अधिक काळ धडधडत होत्या. मग मोजणी १८२७ पासूनच का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर लढायांच्या यादीत सापडत नाही. ते त्या कंपनीच्या नावात सापडते. ‘गोलंदाज’ म्हणजे गोळा फेकणारा, तोफेला बत्ती देणारा. कंपनी सरकारच्या तोफखान्यात देशी माणूस त्याआधीही होता. परंतु त्याला गोलंदाज म्हणत नसत. त्याला काय म्हणत, ते नाव का बदलले, बदललेले नाव पुन्हा का काढून घेतले गेले आणि शेवटी तोफेवरचा अधिकार त्याच्या हाती कसा आला, या क्रमाचा विचार केला म्हणजे शंभराहून अधिक वर्षांचा लष्करी इतिहास नामावलीतूनच वाचता येतो. तोफ कोणी ओढावयाची आणि कोणी डागावयाची हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या दृष्टीने केवळ कवायतीचा नव्हता. तो विश्वासाचा होता.

२

प्रथम खुद्द शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. मराठीतील ‘तोफ’ हा शब्द मूळचा तुर्की ‘तोप’. हिंदीने अंत्य ‘प’ कायम ठेवला. मराठीने त्याचा ‘फ’ केला. तुर्कीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक तोफ आणि दुसरा चेंडू. गोल वस्तू आणि ती फेकणारे यंत्र यांना एकच नाव पडले, असे यावरून दिसते. शब्दाबरोबर कारागीरही आले. विजापूरच्या बुरुजावरील प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ इ. स. १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली, आणि तिच्या ओतणाऱ्याच्या नावापुढे ‘रूमी’ हे उपपद आहे, म्हणजे तो तुर्की मुलखातला. त्या तोफेचे नाव मराठीत इतके मुरले की दणदणीत बोलणाऱ्या वक्त्यालाही मराठी माणूस ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणू लागला.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि त्यात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्गही होता. तरीही ‘तोफ’, ‘तोफखाना’, ‘दारूगोळा’ हे शब्द मराठीतून हलले नाहीत. ‘दारू’ हा फारसीत औषधवाचक शब्द. दख्खनमध्ये तो बंदुकीच्या भुकटीलाही लागला. ‘गोळा’ हा तर घरचाच. ‘दारूगोळा’ या जोडशब्दात दोन भाषा जशा एकत्र नांदतात, तशाच त्या ‘गोलंदाज’ या शब्दातही नांदतात. पूर्वपद ‘गोल’ भारतीय. उत्तरपद ‘अंदाज’ फारसी, ‘अंदाख्तन्’ म्हणजे फेकणे या धातूपासून झालेले. तीर फेकणारा तो तीरंदाज, वीज फेकणारा तो बर्कंदाज, तसा गोळा फेकणारा तो गोलंदाज.

पेशवाईत तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे होती, आणि पानिपतच्या संग्रामात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी जे काम केले ते सर्वश्रुत आहे. या काळात गोलंदाज हे एका कसबाचे नाव होते. तोफ डागणे हे कौशल्य ज्याच्या अंगी असेल त्याला ते नाव मिळे. त्याची जात, धर्म किंवा मुलूख हा त्या नावाचा भाग नव्हता. हा भेद पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे अवश्य आहे.

३

ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्याचा आरंभ मात्र निराळ्या वातावरणात झाला. कंपनी मुळात समुद्रावरून व्यापार करणारी. तिच्या वखारींच्या तटांवरील तोफा आणि त्या चालविणारी माणसे दोन्ही जहाजांच्या परंपरेतली. किल्ल्यातील तोफांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना जहाजावरच्याप्रमाणेच ‘गनरूम’ची मंडळी म्हणत. इ. स. १७४८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी ही जुनी व्यवस्था मोडून मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांत तोफखान्याची एकेक नियमित कंपनी उभारण्याचा हुकूम दिला. तोफा डागणारे गोरे असावेत आणि दारूच्या कोठारांत व प्रयोगशाळेत देशी माणसाला पाऊल टाकू देऊ नये, असे कंपनीचे धोरण होते. तोफेची विद्या बाहेर जाऊ नये ही त्यामागची भीती होती.

परंतु तोफा केवळ डागून भागत नाही. त्या ओढाव्या लागतात, चिखलातून काढाव्या लागतात, गोळे वाहावे लागतात, दोर व कप्प्या लावून बुरुजावर चढवाव्या लागतात. दोर आणि कप्पी यांचे काम तर खलाशाहून चांगले कोणाला येणार? म्हणून गोऱ्या तोफखान्याच्या प्रत्येक कंपनीला देशी माणसांची तुकडी जोडलेली असे. त्या माणसांना ‘गन लॅस्कर’ म्हणत, आणि त्यांच्या अंमलदारांची नावे होती ‘सारंग’ आणि ‘टिंडल’.

ही नावे पायदळातील सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक या मालिकेतली नव्हेत. ती समुद्रावरची आहेत. ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’ म्हणजे मुकादम किंवा नायक या शब्दापासून आलेला. पश्चिम किनाऱ्यावर तो जहाजावरील खलाशांच्या प्रमुखाला लागला. ‘टिंडल’ म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा ‘तांडेल’ होय. मलयाळम् व तेलुगू भाषांतही त्याची रूपे आढळतात, आणि कोळी समाजात ते आजही आडनाव म्हणून रूढ आहे. होडीचा धनी तो तांडेल. तोच इंग्रजी उच्चारात टिंडल होऊन तोफेच्या दोराला लागला. खुद्द ‘लॅस्कर’ या शब्दाची कथा तर अधिकच बोलकी आहे. फारसीत ‘लष्कर’ म्हणजे सैन्य. पोर्तुगीजांच्या तोंडून तो फिरला आणि इंग्रजीत पोचेपर्यंत त्याचा अर्थ झाला देशी खलाशी किंवा हमाल. ज्या शब्दाने मराठीत संपूर्ण सेनेचा बोध होतो, त्याच शब्दाने कंपनीच्या दप्तरात तोफ ओढणाऱ्या मजुराचा बोध होऊ लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुंबईच्या तोफखान्यात देशी माणूस आरंभापासून होता. त्याच्याशिवाय तोफ एक कोसही पुढे सरकत नव्हती. परंतु त्याला जे नाव दिले होते त्यात शस्त्राचा मागमूस नव्हता. नाव श्रमाचे होते, कसबाचे नव्हते.

४

इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि मुंबई इलाख्याचा विस्तार एकाएकी वाढला. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. राज्य वाढले तशी ठाणी वाढली, ठाण्यांबरोबर तोफा वाढल्या, आणि विलायतेहून आणलेला गोरा तोफची महाग पडू लागला. उन्हातान्हात व रोगराईत तो टिकेना. बंगाल इलाख्यात देशी गोलंदाजांच्या तुकड्या उभारण्याचे प्रयोग त्यापूर्वीच झाले होते. त्या एकदा उभारल्या, मोडल्या आणि पुन्हा उभारल्या गेल्या होत्या. मुंबईतही तोच मार्ग स्वीकारला गेला, आणि गोलंदाज बटालियन अस्तित्वात आली. आठवी कंपनी उभी राहिली ती एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीच्या अखेरच्या आठवड्यांत.

येथे कंपनी सरकारने योजलेले नाव महत्त्वाचे आहे. ‘गन लॅस्कर’ची बटालियन असे नाव देता आले असते, ते दिले नाही. मोगलांच्या, निजामाच्या व पेशव्यांच्या तोफखान्यांत जे नाव मानाचे होते तेच उचलले गेले. इंग्रज लेखनिकांना त्याची वर्तनी नीट साधेना, आणि निरनिराळ्या कागदांत ते निरनिराळ्या रूपांत आढळते. परंतु अर्थाविषयी संदिग्धता नव्हती. देशी माणूस आता तोफेच्या मागे नव्हे, तोफेजवळ उभा होता. सारंग-टिंडलच्या जागी पायदळाप्रमाणे सुभेदार-हवालदार आले. आजची रेजिमेंट आपली गणना १८२७ पासून का करते, याचे मर्म येथे आहे. तोफा त्याआधी होत्या, माणसेही होती. परंतु आजच्या सेनेपर्यंत अखंड चालत आलेल्या परंपरेत देशी सैनिकाला तोफ डागणारा म्हणून दप्तरी स्थान मिळाले ते येथे.

५

हे स्थान तीस वर्षांत डळमळले. १८५७ च्या उठावात बंगालच्या देशी गोलंदाजांनी आपल्या तोफा इंग्रजांवर रोखल्या, आणि त्या तोफांचा मारा किती अचूक होता हे इंग्रजांनी दिल्ली-लखनौच्या वेढ्यांत अनुभवले. मुंबईचे सैन्य एकंदरीत सरकारच्या बाजूस राहिले. तथापि सिंधमधील काही गोलंदाजांची शस्त्रे काढून घेण्याचा प्रसंग तेथेही आलाच. उठावानंतर सैन्याच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या पील आयोगाने तोफखाना मुख्यतः युरोपीयांच्या हाती असावा असे मत १८५९ मध्ये दिले. देशी तोफखाने एकामागून एक मोडण्यात आले. कंपनीचा गोरा तोफखाना १८६१-६२ मध्ये ब्रिटिश राजसत्तेच्या तोफखान्यात विलीन झाला. देशी लोकांकडे उरल्या त्या पंजाब सरहद्दीवरील काही पहाडी तोफा, हैदराबाद कंटिन्जंटच्या बॅटऱ्या आणि मुंबईच्या मोजक्या कंपन्या. आठवी गोलंदाज कंपनी या मोजक्यांत होती.

ती वाचली, परंतु तिचे नाव वाचले नाही. ‘गोलंदाज’ हा शब्द सरकारी नामावलीतून गेला आणि त्याऐवजी ‘नेटिव्ह’ तोफखान्याची कंपनी असे म्हणण्याचा प्रघात पडला. आधीचे नाव कसबावरून पडलेले होते. नंतरचे केवळ वर्णावरून. १८६७-६८ च्या हबसाण मोहिमेत मुंबईच्या देशी तोफखान्याची एक कंपनी समुद्रापार गेली, ती याच नव्या ओळखीने.

दुसरा बदल अधिक दूरगामी होता. मैदानी तोफा गोऱ्यांकडे राहिल्या; देशी तोफच्यांकडे खेचरांच्या पाठीवरून नेण्याजोग्या लहान तोफा आल्या. यात सोय होती, तशी खबरदारीही होती : लहान तोफ पुन्हा कधी उलटली तरी तिचा धोका लहान. १८७० नंतरच्या दशकात मुंबईच्या या कंपन्या ‘पहाडी बॅटरी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

राज्यकर्त्यांनी धाकटी म्हणून दिलेली ही तोफ त्या तोफच्यांनी आपल्या कौशल्याने थोरली केली. १८७९ च्या सुमारास आलेली अडीच इंची तोफ नळीच्या मध्यावर स्क्रूने जोडलेली असे. तिचे दोन भाग प्रत्येकी सुमारे २०० पौंड वजनाचे. एका खेचरावर एक भाग, दुसऱ्यावर दुसरा, आणि गाडा, आस व चाके यांसाठी आणखी खेचरे. घाटमाथ्यावर पोचताच सामान उतरवावयाचे, नळी जोडावयाची, गाड्यावर चढवावयाची आणि गोळा सोडावयाचा; हे सारे शत्रूच्या बंदुकीच्या टप्प्यात. या कामाला दणकट देह, स्थिर हात आणि खेचराची नाडी ओळखणारे मन तिन्ही लागत. इंग्रजी ‘ड्रायव्हर’ शब्दाचे छावणीच्या हिंदुस्थानीत ‘ड्राबी’ झाले आणि खेचर हाकणाऱ्याला ते नाव पडले. पूर्वी छावणीचे शब्द इंग्रजीत जात. आता इंग्रजी शब्द छावणीच्या बोलीत मुरू लागले होते.

६

यापुढचा काळ आकड्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या पहाडी बॅटऱ्यांना एकाच क्रमात गुंफण्यात आले, आणि मुंबईची ही बॅटरी ‘क्रमांक ५ (मुंबई)’ झाली. याच नावाने ती १८९७ च्या तिराह मोहिमेत गेली. ज्या दुसऱ्या डिव्हिजनने त्या ऑक्टोबरात दरगाईच्या उंच कड्यासाठी रक्तपात सोसला, तिच्या तोफखान्यात ही बॅटरी होती. १९०३ मध्ये लॉर्ड किचनेर याने सैन्याची नवी गणना केली. पहाडी बॅटऱ्यांच्या क्रमांकांत वीस मिळविले गेले आणि पाचवी बॅटरी ‘पंचविसावी’ झाली. कंसातील मुंबई गळून पडली. तिची बहीण बॅटरी मात्र ‘सव्विसावी (जेकबची)’ झाली. हा जॉन जेकब म्हणजे मुंबई तोफखान्यातला अधिकारी. सिंधमधील जेकबाबाद त्याच्याच नावाचे. एका बॅटरीला साहेबाचे नाव मिळाले, दुसरीला नुसता आकडा.

पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैन्य उतरले तेव्हा त्याच्या मदतीस किनाऱ्यावर आलेल्या पहिल्या तोफा या सव्विसाव्या बॅटरीच्या होत्या. मुंबईच्या गोलंदाजांचा हा वारसा अशा रीतीने तुर्कांच्या भूमीवर, म्हणजे ‘तोफ’ या शब्दाच्या माहेरी, जाऊन पोचला.

महायुद्ध संपल्यावर क्रमांक पुन्हा बदलले. जुन्या पाच या क्रमांकात शंभर मिळविण्यात आले, आणि ती ‘१०५ वी (मुंबई) पॅक बॅटरी’ झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात शंभर वजा होऊन ती पुनरपि ‘पाचवी (मुंबई) पहाडी बॅटरी’ झाली. आकडा बदलला, परत आला. कंसातील मुंबई गेली, परत आली.

परंतु कंसात मुंबई आली तरी बॅटरीत मुंबई इलाखा उरला होता काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. १८८० नंतरच्या काळात, विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्सच्या सेनापतित्वात, ‘लढाऊ जाती’ची कल्पना प्रबळ झाली आणि भरतीचा ओघ पंजाबकडे वळला. पहाडी बॅटऱ्यांतील तोफची मुख्यतः शीख आणि पंजाबी मुसलमान होते. एके काळी मुंबईच्या सैन्यात मराठे, महार, बेने इस्रायल, मुसलमान आणि परदेशी एका रांगेत उभे राहत. मुंबईचे नाव मिरविणाऱ्या तोफखान्यात मात्र मराठी बोलणारा तोफची शोधावा लागला असता. नाव हे नेहमीच माणसांचा पुरावा नसते, हा इशारा या नामेतिहासाच्या अभ्यासकाने सतत समोर ठेवावयास हवा.

७

मैदानी तोफा देशी सैनिकांच्या हाती परत येण्यास १८५७ नंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगलोर येथे ‘ए फील्ड ब्रिगेड’ उभी राहिली. देशी सैनिकांच्या या पहिल्या मैदानी तोफखान्यात घोड्यांनी ओढावयाच्या बॅटऱ्या होत्या. प्रेमसिंग ग्यानी हे तोफखान्यातील पहिले भारतीय अधिकारी. त्यांच्या पाठोपाठ आलेले परमशिव कुमारमंगलम् १९६६ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. ज्या दालनात भारतीयाने पाऊल टाकू नये असा एके काळी दंडक होता, त्या दालनाच्या किल्ल्या अशा रीतीने हळूहळू हाती आल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीने उरलेली दारेही उघडली. जातवार भरतीची जुनी चौकट सैल झाली आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनांपासून मराठा टँकविरोधी रेजिमेंटी तयार झाल्या. मराठी शिपाई पुन्हा तोफेजवळ उभा राहिला. डिसेंबर १९४४ मध्ये कलादान खोऱ्यात हवालदार उमरावसिंग यांनी आपली पहाडी तोफ जपानी हल्ल्यांपुढे सोडली नाही. दारूगोळा संपल्यावर त्यांनी तोफेच्या लोखंडी दांड्यानेच झुंज दिली, आणि सकाळी ते घायाळ स्थितीत सापडले तेव्हा भोवती दहा शत्रुसैनिक मृत पडलेले होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारतीय माणूस तोफेवर विश्वासपात्र आहे काय, हा १७४८ पासूनचा प्रश्न त्या रात्रीनंतर विचारण्याजोगा राहिला नाही.

१९४५ मध्ये या दलाला ‘रॉयल’ हे उपपद मिळाले, आणि २६ जानेवारी १९५० रोजी ते गळाले. मधल्या काळात फाळणी होऊन पहाडी बॅटऱ्याही वाटल्या गेल्या. जेकबची बॅटरी पाकिस्तानकडे गेली. पाचवी (मुंबई) भारताकडे राहिली. एकाच इलाख्याच्या गोलंदाजांतून निघालेल्या दोन बहिणींची ताटातूट झाली.

८

आज या दलाचे प्रशिक्षण केंद्र नाशिकरोड येथे आणि विद्यालय देवळाली येथे आहे. म्हणजे पंजाबकडे वळलेला प्रवाह भूगोलाने तरी पुन्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी आणला. पुण्याच्या संशोधनसंस्थेत घडलेल्या अग्निबाणप्रणालीचे नाव ‘पिनाक’. मैदानी तोफेचे ‘धनुष’. २०१८ मध्ये देवळालीस समारंभपूर्वक सेनेत दाखल झालेल्या स्वयंचलित तोफेचे ‘वज्र’. राजव्यवहारकोशाने साडेतीनशे वर्षांपूर्वी जो प्रयत्न केला त्याची ही नवी आवृत्ती म्हणता येईल. तथापि जवानाच्या तोंडी ‘तोप’ आणि ‘गोला’ हेच शब्द आहेत, आणि रेजिमेंटचे ब्रीदवाक्य आहे ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. पहिला शब्द संस्कृत, पुढचे दोन अरबी, आणि त्यांना जोडणारा ‘ओ’ फारसी. ‘गोलंदाज’ या शब्दात दोन भाषा होत्या. त्याच्या वारसांच्या ब्रीदात तीन आहेत.

आणि खुद्द ‘गोलंदाज’ या शब्दाचे काय झाले? सैन्याच्या नामावलीतून तो गेला तो गेलाच. तेथे ‘गनर’ आला. परंतु मराठीने त्याला टाकले नाही. क्रिकेटचा खेळ रुळला तेव्हा चेंडू टाकणाऱ्यास मराठीने हेच जुने नाव दिले, आणि त्याच्याच धर्तीवर फळी हाती घेणाऱ्यास ‘फलंदाज’ केले. फलंदाज फळी फेकत नाही, हे खरे. परंतु त्यामुळे ‘अंदाज’ हा आता धातूचा अवशेष न राहता कसबाचा वाचक असा मराठी प्रत्यय झाला आहे, एवढेच सिद्ध होते. ‘तोप’ या तुर्की शब्दाचा जो दुसरा अर्थ, चेंडू, तो गोलंदाजाने असा नकळत पुन्हा गाठला.

२८ सप्टेंबर २०२७ रोजी त्या आठव्या कंपनीस दोनशे वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशी लढायांचे स्मरण होईल, ते योग्यच आहे. परंतु त्यापूर्वीची ऐंशी वर्षे मुंबईच्या तटावर आणि घाटांत ज्यांनी तोफा ओढल्या, ज्यांची नावे सारंग, तांडेल आणि खलाशी एवढीच दप्तरात उरली, त्यांचेही स्मरण त्यात असावयास हवे. गोलंदाज हे नाव मिळाले १८२७ मध्ये. ते कमावले जात होते त्याच्या पुष्कळ आधीपासून.